जोडी नसलेल्या बायांची टोळी

आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं फार. वडील नांदेडात एका छोट्या छापखान्यात खिळे जुळवायचे. जयंतीचं असो, मोर्चाचं असो की वसतिगृहातल्या कच्च्या भाकरीबद्दलचं, पत्रक छापून झालं की उरलेल्या प्रती घरी यायच्या. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली आणि छापलेली बाजू वाचत मोठी झाले. दहाव्या वर्षी मला ‘बंधूंनो आणि भगिनींनो’च्या पुढं काय येतं ते पाठ होतं. हेही ध्यानात आलं होतं की भगिनी त्या पहिल्या ओळीतच संपतात. पुढचा सगळा मजकूर बंधूंसाठीच असायचा.

मी वडिलांना विचारलं, असं का?

“लिहिणारे बापे असतात म्हणून,” ते म्हणाले. “तू लिही. मी जुळवतो.”

माझं पहिलं पत्रक मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना लिहिलं. त्याला कारण मावशी.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. मावशीचं गाव अहमदपूरच्या अलीकडं, नांदेड जिल्ह्याच्या हद्दीला लागून. तिथल्या माळावर त्या दुष्काळात पाझर तलावाचं काम निघालं. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी पडला नव्हता. विहिरींचे तळ पोरं खेळायला वापरत होती. गावात काम म्हणजे ते एवढंच. मावशी टोपलं घेऊन पहिल्याच दिवशी गेली आणि दुपारच्या आत परत आली. मुकादमानं तिला विचारलं होतं, “जोडी कुठंय?”

कामाची रीतच तशी होती. पुरुषानं टिकाव मारायचा, बाईनं माती वाहायची. दोघं मिळून एक जोडी, आणि अशा जोड्यांची मिळून टोळी. ज्या बाईला जोडी नाही तिला टोळी नाही, आणि जिला टोळी नाही तिचं नाव हजेरीपटावर चढत नाही. मावशीला नवऱ्यानं टाकून आठ वर्षं झाली होती.

“मी म्हणलं, नवरा कुठून आणू? बाजारातून?” मावशी नांदेडला येऊन मला सांगत होती. “तर म्हणतो, बघ, मिळाला तर. हसले मग सगळे.”

आसपासच्या चार गावांत मिळून अशा तीसेक बाया होत्या. कुणी विधवा, कुणी टाकलेल्या, कुणाचा नवरा मुंबईला गेला तो गेलाच. सगळ्यांपुढं एकच प्रश्न होता: माळावर काम मिळालं नाही तर पोरंबाळं घेऊन गाव सोडायचं. दोघींनी बोचकी बांधलीसुद्धा होती.

मी पेटले. रात्रीतून पत्रक लिहिलं, वडिलांनी जुळवलं, आणि गठ्ठा काखेत मारून मी लोह्यामार्गे एसटीनं मावशीच्या गावी उतरले. त्यात तीन ठिकाणी ‘धिक्कार असो’ होतं. मी ते माळावर काम मागायला येऊन बसलेल्या बायांत वाटलं. संध्याकाळी पाहिलं तर बहुतेक बायांनी त्यात भाकरी गुंडाळली होती. वाचता येणारी त्यात एकही नव्हती. हा साधा हिशेब माझ्या डोक्यातच आला नव्हता.

वाचलं ते एकट्या अक्कांनी.

अक्का त्या कामावरच्या दुसऱ्या टोकाच्या टोळीच्या मुकादम. पंचक्रोशीत बाई मुकादम ती एकच. उदगीरकडच्या दुकानदार घरातल्या, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, कपाळ भरून विभूती. नवरा मुकादम होता. तो वारल्यावर त्यांची टोळी मोडणार, तर अक्का म्हणाल्या, मापं मलाच पाठ आहेत, त्यांना मीच सांगायचे. टोळी टिकली. सासरच्यांनी दुकानाची पायरी बंद केली. अक्कांनी मागं वळून बघितलं नाही.

त्यांनी पत्रक शेवटपर्यंत वाचलं, घडी करून कमरेला खोचलं आणि मला कानडीत म्हणाल्या, “बा, कुंद्र.” मी उभीच राहिले, तेव्हा त्यांनी शेजारचा दगड थोपटला. मी बसले.

“लई चांगलं लिहिलंस पोरी. हे कुणासाठी?”

“या बायांसाठी.”

“त्यांना तर हे ठाऊकच हाय. ज्याला ठाऊक न्हाई त्याच्याकडं चल.”

दुसऱ्या दिवशी त्या मला आणि मावशीला घेऊन लातूरला गेल्या. नव्या जिल्ह्याची कचेरी अजून मांडली जात होती. टेबलं व्हरांड्यात, कपाटांवर बारदान, दारांवर कुणाच्याच नावाच्या पाट्या नाहीत. कारकून म्हणाला, असले अर्ज अजून जुन्या जिल्ह्याकडं जातात, तिकडं जा. मी भांडायला तोंड उघडलं, पण अक्कांनी माझा दंड दाबला.

“नवं घर हाय,” त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. “कुणी कुठं बसायचं अजून ठरलं न्हाई. आपणच आधी बसू.”

आणि त्या साहेबांच्या दाराबाहेर मांडी घालून बसल्या. आम्हीही बसलो. साहेबांना आत जायला आमच्यावरून पाऊल टाकावं लागलं असतं, म्हणून ते थांबले. अक्कांनी आवाज न चढवता चार वाक्यांत सांगितलं. या बायांना वेगळी टोळी द्या. खोदतीलही त्याच आणि वाहतीलही त्याच. एक आठवडा बघा. शनिवारी माप घ्या. जोडीच्या टोळीएवढं काम भरलं तर वेगळा हजेरीपट द्या, नाही भरलं तर आम्ही पुन्हा येणार नाही.

साहेब म्हणाले, “ठीक. एक आठवडा. माप ओव्हरसिअर घेईल.”

बाहेर आल्यावर मी म्हणाले, “अक्का, तुम्ही मुकादम झालात की आमची टोळी…”

“मी? मला माझी टोळी हाय. तुमची मुकादम तू.”

“मला मातीतलं काय कळतं?”

“मला तरी आईच्या पोटातून कळत होतं काय?”

तो आठवडा मी आयुष्यभर विसरणार नाही. नांदेडचं कॉलेज बुडवून मी मावशीकडंच राहिले. अक्का सकाळी आपली टोळी लावून देत आणि जेवणाच्या सुट्टीत आमच्याकडं येत. टिकाव कमरेनं उचलायचा, हातानं नाही. पाटी तोंडापर्यंत भरायची नाही, पोटापर्यंत भरायची; बाई दुपारनंतरही चालायला पाहिजे. एका खड्ड्यावर एकाच वस्तीच्या बाया ठेवायच्या नाहीत. हा शेवटचा नियम मोडायला पहिल्या दिवशी तिघी-चौघी तयार होत्या, कारण त्यांना आमच्या, गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या बायांच्या हातून पाटी घ्यायची नव्हती. अक्का पुढं झाल्या, मावशीच्या तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायल्या, तोंड पुसलं आणि निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी पाटी या हातातून त्या हातात फिरायला लागली.

अक्का चार गोष्टी सांगत आणि जात. समोर उभं राहून कुणाचं काम बघत नसत. मी विचारलं, तर म्हणाल्या, “मी हितं उभी राहिले की त्या माझ्याकडं बघतील. तुझ्याकडं बघायला पाहिजे त्यांनी.”

शेजारच्या टोळीतले बापे मात्र येता-जाता उभे राहत. “काय वैनी, खड्डा खांदून राहिल्या की चूल?” मावशीकडं उत्तर तयार असायचं. “चूलच खांदून राहिलो भाऊ. तुमची बायको म्हणली, आता घरी तुम्हीच रांधणार.” बाया हसत आणि टिकाव जोरात बसे.

पण एक टोमणा मला लागला. खोदताना खड्ड्याच्या मधोमध अधूनमधून मातीचा एकेक खांब न खोदता सोडायचा असतो. अक्कांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, खुणेचे खांब सोडा. मी सोडायला लावले, का ते विचारलं नाही. गुरुवारी एक जण काठावरून ओरडला, “ते मधलं राहिलं की! तेवढं आम्ही येऊन काढून देऊ का?” त्याची सगळी टोळी हसली. मी त्या खांबांकडं पाहिलं. खरंच, चांगल्या खोदलेल्या खड्ड्यात ते अर्धवट सोडलेल्या कामासारखे उभे होते.

शुक्रवारी अक्का त्यांच्या टोळीच्या कामाला दूर तलावाच्या भिंतीच्या पलीकडं होत्या. दुपारी मी जाहीर केलं, उद्या माप आहे, खड्डा कसा ताटासारखा साफ दिसला पाहिजे. सगळे खांब काढा.

आमच्यात एक किनवटकडची बाई होती. जंगलातल्या गावातून या मुलखात लग्न करून आलेली, नवरा सर्पदंशानं गेलेला. बोलायची फार कमी. ती टिकाव खाली ठेवून म्हणाली, “ताई, अक्काला इचारावं का?”

“प्रत्येक गोष्ट अक्कांना विचारायची तर आपण कशाला आहोत?” मी म्हणाले. “बायांना सारखं कुणाला तरी विचारायची सवय लावली आहे, तीच तर मोडायची आहे.”

वाक्य छान होतं. पत्रकात शोभलं असतं. बायांनी खांब काढले. मावशीला तर शेवटचा खांब पाडताना फार आनंद झाला.

संध्याकाळी अक्का आल्या. काठावर उभ्या राहून त्यांनी एक खड्डा पाहिला, दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. मग हळूच खाली बसल्या.

“खांब कुठं गेले?”

मी सांगितलं.

“पोरी,” त्या म्हणाल्या, “माळ उताराचा हाय. मूळची जमीन किती उंच होती हे त्या खांबाच्या डोक्यावरून मोजतात. खांब गेला की खोलीच गेली. साहेब म्हणणार, हितं आधीच खळगा होता. काय दाखवणार तू त्याला?”

आठवडाभर तीस बाया राबल्या होत्या आणि त्यांच्या कामाचा एकमेव पुरावा मी माझ्या हुशारीनं टोपल्यात भरून भिंतीवर टाकला होता. मला रडू आलं. रडत रडत मी म्हणाले, मी अर्ज लिहिते, साहेबांना सगळं समजावून सांगते, तुम्ही फक्त माझ्याबरोबर या आणि दोन शब्द बोला.

“न्हाई.”

“अक्का, तुमचं ऐकतील ते.”

“माझं ऐकतील म्हणूनच न्हाई. मी बोलले तर माझी टोळी होईल, तुमची न्हाई. आणि अर्ज नंतर. आधी बायांना सांग, तुझ्या तोंडानं. त्यांना उद्या साहेबापुढं कळलं तर तुझ्या हाताखाली कुणी टिकाव धरणार न्हाई.”

“त्या मला मारतील.”

“मारू देत. मलाबी मारलं हाय.”

तेवढं बोलून त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितली. मुकादम झाल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी भिंतीची रेघ चुकीच्या बाजूनं आखली आणि टोळीनं तीन दिवस नको तिथं माती टाकली. “तवा मी दिवसभर तोंड लपवून बसले. त्याचाच राग जास्त आला लोकांना, चुकीचा न्हाई.” हे त्यांनी मला तोवर कधीच सांगितलं नव्हतं. चूक व्हायच्या आधी सांगितलं असतं तर मी ते नुसतं ऐकून सोडून दिलं असतं, हे आता कळतं.

बाया घरी निघाल्या होत्या. मी त्यांना थांबवलं आणि सांगितलं. ‘बंधूंनो’ नाही, ‘धिक्कार’ नाही. चूक माझी आहे, एवढंच. एक म्हातारी म्हणाली, “शिकलेल्या पोरीनं वाटोळं केलं.” दुसरीनं पाटी आपटली. गाव सोडायला बोचकी बांधलेल्या दोघींपैकी एक खाली बसून तोंडाला पदर लावून रडायला लागली. मला वाटलं, आता जमीन फाटावी.

किनवटकडची बाई काठावर उकिडवी बसली होती. ती म्हणाली, “नवा खड्डा खांदला तं?”

“उद्या तर माप हाय, बाई,” म्हातारी म्हणाली.

“उद्याच खांदू. साहेबाच्या म्होरं. त्यानंच रेघ मारावी, त्यानंच बघावं. मागचं गेलं तं जाऊ द्या. आठ दिवसांत हाताला खांदायचं कळलं ना, ते तं कुणी काढून न्हाई नेलं.”

सगळ्या तिच्याकडं बघायला लागल्या. इतकं ती एका दमात कधी बोललीच नव्हती. मावशी म्हणाली, “ही मुकी न्हाई गं! आठ दिवस आपलं ऐकून घेत होती.” पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

शनिवारी ओव्हरसिअर आले. खड्डे पाहून त्यांनी टेप उघडलीच नाही. “यात माप काय घेऊ? खांबच नाहीत.”

मी पुढं झाले. अक्का दूर, आपल्या टोळीच्या काठावर उभ्या होत्या. पुढं आल्या नाहीत. मी म्हणाले, “साहेब, खांब मी काढायला लावले. चूक माझी, बायांची नाही. तुम्ही आज दिवसभर इथंच आहात. दुसऱ्या टोळ्यांची मापं घ्याल. जोडीची टोळी एका दिवसात जेवढं खोदते तेवढ्याची रेघ आखून द्या. तुम्ही परत याल तेव्हा माप घ्या.”

“एका दिवसाचं? आठवड्याचं ठरलं होतं.”

“आठवड्याचा खोटेपणा करता येतो साहेब. तुमच्या डोळ्यांपुढं एका दिवसाचा कसा करणार?”

ते हसले. बहुधा मौज म्हणून त्यांनी चुन्याची फक्की मागवली आणि रेघ आखली. जोडीच्या टोळीपेक्षा हातभर मोठीच आखली. मी पाहिलं, पण बोलले नाही. बायांनीही पाहिलं. त्यांनी टिकाव उचलले.

त्या दिवशी मी हुकूम सोडले नाहीत. हुकूम सोडायची गरजच नव्हती. चार कोपरे चौघींनी घेतले, मधे हातोहात पाट्या. जिचा दम संपेल ती स्वतःच माघारी येई आणि दुसरी पुढं जाई. किनवटकडची बाई कठीण मुरुमाला टिकाव कसा तिरपा लावायचा ते शेजारणीला दाखवत होती. जंगलात मुळ्या काढताना शिकलेलं ते. मी पाट्या वाहत होते, कारण टिकावात माझा हात सगळ्यांत कच्चा होता. खांबांना तर कुणी हात लावू देईना. एकीचा धक्का लागून एका खांबाची कड ढासळली, तर मावशी तिच्यावर वाघिणीसारखी धावली. नंतर मी पाहिलं, तिनं त्या खांबाला कुंकू लावलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत जोड्यांच्या टोळ्यांतल्या बाया काठावर जमल्या. आधी नुसत्या बघत होत्या. मग एकीनं आपल्या नवऱ्याला ओरडून सांगितलं, “आज तुमची पाटी तुम्हीच वाहा, मी हितं बघून राहिले!” सगळा माळ हसला. ज्यानं चुलीचं विचारलं होतं त्यानं पाण्याची घागर आणून काठावर ठेवली आणि आपल्या टोळीकडं गेला.

ऊन कललं तेव्हा ओव्हरसिअर आले. खड्ड्यात उतरले. पहिल्या खांबाला टेप लावली, आकडा पाहिला, पुन्हा लावली. दुसऱ्या कोपऱ्यात गेले. तिथंही तेच. मग मधल्या खांबाशी आले आणि थबकले.

“याला कुंकू कुणी लावलं?”

“मी,” मावशी म्हणाली. “मोजा, मोजा. देवाला विटाळ न्हाई होत टेपेचा.”

त्यांना हसू आवरेना. त्यांनी वाकून माप घेतलं आणि वर न बघताच म्हणाले, “जास्त भरलं. जोडीच्या टोळीपेक्षा जास्त.”

जो आवाज उठला तो पलीकडच्या नांदेड जिल्ह्यात ऐकू गेला असेल. बाया एकमेकींच्या गळ्यात पडल्या, मातीनं माखलेल्या. मी अक्कांकडं धावले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “हजेरीपट घेऊन ये आधी. तोंडच्या मापावर घरी जायचं न्हाई.”

मी परत फिरले आणि ओव्हरसिअरांकडून लिहून घेऊनच त्यांना सोडलं.

त्या दुष्काळात त्या तीस बायांपैकी एकीनंही गाव सोडलं नाही. सोमवारी मी पहिल्यांदा हजेरी घेतली. पटावर नवऱ्याच्या नावाचा रकाना होता. मी तिथं आडवी रेघ मारली आणि पुढं गेले.

महिन्याभरात शेजारच्या कामावरच्या बाया आल्या. त्यांनाही जोडी नसलेल्यांची टोळी हवी होती. मी म्हणाले, मी दोन्हीकडं बघते. अक्का म्हणाल्या, “दोन्हीकडं तू दिसलीस म्हणजे बाकीच्या कुणी न्हाईतच असं होईल. माणूस दे त्यांना.” मग मी माझ्या टोळीतली सगळ्यांत चांगली बाई दिली. देताना जीव तुटला, पण दिली.

पहिल्या आठवड्यात मी तिकडं बघायला गेले. किनवटकडची बाई डोक्याला पदर गच्च बांधून काठावर उभी होती आणि चाळीस पावलांवरून कुणाला तरी टिकावाचा कोन समजावून सांगत होती. तिचा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. मी रिकामी उभी राहायला नको म्हणून एक पाटी उचलली. तेवढ्यात दुसरे एक ओव्हरसिअर आले आणि मी पोशाखानं शहरातली दिसते म्हणून सरळ माझ्याकडं आले. “मुकादम तुम्ही का?”

“नाही,” मी म्हणाले. “मुकादम त्या.”

ते तिच्याकडं गेले. त्यांच्याशी बोलता बोलताच तिनं माझ्याकडं पाहिलं आणि भर माळावर ओरडली, “ताई, पाटी भरून राहिल्या की गप्पा मारून राहिल्या?”

मी पाटी भरायला लागले.